चौऱ्याऐंशी की शहाऐंशी

नाताळनंतरच्या रविवारी मिरजेत
जुन्या चर्चचा मनोरा उघडतात, दहा ते पाच.
माणशी दहा रुपये, कडेवरच्या पोराला फुकट.
दानियल आवळे दाराशी खुर्ची टाकून बसलेला,
गळ्यात शिट्टी, मांडीवर चिल्लरचा डबा.
"जिना एकच हाय," तो प्रत्येकाला सांगतो,
"जाणाऱ्यानं भिंत धरायची, येणाऱ्यानं मधला खांब.
चपला हितं. फोटो वर."

रेहानाला मी पुढं घातलं.
तिला घंटा बघायची होती.
मला, खरं सांगायचं तर, ऐकायची होती.
तीस वर्षं भोपळे खरवडतोय, तंबोऱ्यांची जवारी काढतोय,
आणि दर रविवारी ही घंटा कानावर येते
तरी काळी दोन की पांढरी तीन, ठरत नाही.
बाप म्हणायचा, काळी दोन.
चुलता दुकानातून उठून जायचा.

विसाव्या पायरीला उजेड संपला.
तिसाव्याला नाकासमोर कुणाची तरी पिशवी, आत मेथी.
बाजार करून माणूस तसाच चढलेला.
मागं जयसिंगपूरच्या एक बाई
पायऱ्या मोजत होत्या, जप केल्यासारख्या,
आणि त्यांच्या मागचा पोरगा दोन आकडे पुढं.
"बावन्न."
"चोपन्न, मावशी."
"उंबरा धरलास काय रे तू?"

मग सगळंच थांबलं.
वरनं माणसं यायला लागली.
आम्ही भिंतीला पालीसारखे चिकटलो,
पोटं आत घेतली, श्वास कुणाचा कुणाला कळेना.
कुणाचं घड्याळ माझ्या बाहीत अडकलं, सुटलं.
अंधारातनं एक पाऊल खाली आलं
आणि पायरी सापडेना म्हणून
तिथंच हवेत राहिलं.
म्हातारं पाऊल. जोडवं झिजून तारेएवढं.

मी ते हातात घेतलं.
वाळवून ठेवलेल्या भोपळ्याइतकं हलकं, तेवढंच गार.
पायरीवर टेकवलं. मग दुसरं.
"कोण हाय बाबा?"
"तंबोरेवाला."
"बरं," असं म्हणून त्या
माझ्या खांद्यावर भार देऊन उतरून गेल्या.
चेहरा दिसलाच नाही.

वर चौघांच्या जागेत अकरा जण.
वारा असा, की बाईंचा आकडा तोंडातच राहिला.
दर्ग्याचा घुमट, जंक्शनचे रूळ,
दवाखान्यामागची निलगिरीची झाडं.
आमची गच्ची मी भोपळ्यांवरून ओळखली,
उन्हात मांडलेले, पिवळे,
जणू कुणी पंगत बसवून वाढायला विसरलंय.

घंटेचा दोर वर बांधून ठेवलेला.
पाटी: हात लावू नये.
"कान लावू नये असं कुठं लिहिलंय?"
रेहानानं विचारलं, आणि लावलासुद्धा.
"काय ऐकू येतंय?"
"माणसं चढतायत."

मग मी लावला.
हिरवट, गार धातू, त्याला वटवाघळाचा वास.
आत खोल काहीतरी होतं, सूर म्हणावा इतकं नाही,
तारेवर हात ठेवल्यावर उरतं ना, तसं.
"चला की वो, आमीबी पैसे दिल्यात,"
मागचा मेथीवाला म्हणाला.
काळी दोन नव्हती. पांढरी तीनही नव्हती.
बापाला सांगायला हवं होतं.

उतरताना खांब धरला.
खांब हातांनी इतका गुळगुळीत झालाय
की आमच्याकडं तसा पॉलिश करायला पोरगा आठवडा घेईल.

खाली बाईंनी आवळेला गाठलंच.
"चौऱ्याऐंशी का शहाऐंशी? एकदा सांगून टाका."
"गुडघा गेल्यापास्नं मी हितंच असतो," तो म्हणाला,
"आन गुडघा असताना मोजायचं सुचलं न्हाई."
रेहाना म्हणाली, पंच्याऐंशी.
कुणी तिला विचारलं नव्हतं.

चपलांच्या ढिगात मी माझी शोधत होतो,
म्हणजे, दुसऱ्या एका पावलाची शोधत होतो.
रबरी, अंगठ्यापाशी शिवलेली, अशी असणार.
तशा सात होत्या.
एक तर नुकतीच फाटकाबाहेर पडत होती,
रिक्षात चढताना थोडी थांबली,
पायरी चाचपली,
आणि चढली.