बॅकपास

भिलवडी स्टेशनच्या मागं बंद पडलेलं गुऱ्हाळ,
त्याच्या आवारात आमचं ग्राउंड.
चिपाडं लोटून सनदी सरांनी चुन्याच्या रेघा मारल्या.
एका कोपऱ्यात चुलवाण आडवं यायचं,
म्हणून आमच्यात कॉर्नर तीनच.

मी शीतल मगदूम, लेफ्ट बॅक.
गोलात जामीन काळे.
बाप सुटला त्या दिवशी जन्मला, म्हणून जामीन.
पलूसच्या स्पर्धेत फॉर्म भरणारा माणूस
पेन थांबवून म्हणाला, "नाव सांग, केस नको."
सगळे हसले. मीही.
जामीन दातानं ग्लोव्हजचा पट्टा ओढत राहिला.

पहिल्या दिवशी तो स्वतःची बाटली घेऊन आला होता,
गळ्याला लाल सुतळी, वेगळी ओळखू यावी अशी.
आईनं बजावलेलं: दुसऱ्याच्या भांड्याला तोंड लावायचं न्हाई.
सरांनी ती बाटली घेतली, वाळूनं भरली
आणि तिचा उजवा गोलखांब केला.
डावा म्हणजे दगड.
पाण्याला मग एकच बाटली, बारा जणांत.
आम्ही वरून धार सोडायचो, हनुवट्या भिजवत.
सर मिरजेला रेल्वेत होते.
पेन्शनीत डझनभर बाटल्या सहज आल्या असत्या,
हे मला फार उशिरा सुचलं.

दहा जणांनी बॉलला हात लावला की शिट्टी वाजते.
अकराव्याला मुभा.
रेघ ओलांडून गावात शिरलं
की हिशेब उलटा.

मार्चात आमच्या विहिरीवरची मोटर गेली.
आप्पांनी अर्जात नाव लिहिलं.
एकच नाव सुचलं त्यांना;
गावात कुणालाही तेच सुचलं असतं.
रात्री फाटकापलीकडं, त्यांच्या पालांकडं, गाडी गेली.
जामीनच्या बापाला नेलं.
जामीन चार दिवस आला नाही.
सरांनी गोलात मला उभं केलं.
वाळूच्या बाटलीशेजारी उभं राहून
पहिल्यांदा कळलं,
तिथून सगळे कसे अंगावर येताना दिसतात.

मोटर पलूसला होती, रिवायंडिंगला.
काकानं नेलेली, सांगायचं राहिलं.
राहिलं, एवढंच.
त्या रात्री आमच्यात कुणी ताट सारलं नाही.
आप्पा म्हणाले, बघू, सोमवारी जाऊन सांगू.
दिवस गुरुवार होता.

मी सरांना सांगितलं.
सर काही बोलले नाहीत, सायकल काढली.
मागनं आम्ही, होतो तसे, बूट घातलेले,
ठाण्याच्या फरशीवर चुन्याचे पाय उमटवत.
हवालदार म्हणाला, "मॅच कुठं हाय रं पोरांनो?"
आमची स्ट्रायकर रुबिना म्हणाली, "हितंच."
मग सगळे माझ्याकडं बघायला लागले.
मोटर, काका, रिवायंडिंग,
तीन शब्द बोलायला मला अख्खा हाफ लागला.

शनिवारी जामीन आला.
बाटली कलंडून वाळू सांडली होती,
ती त्यानं ओंजळीनं भरली, टोपण लावलं.
मग मला म्हणाला,
"डावीकडं लई मोकळं सोडतूस, लगा."
बापाचं नाव काढलं नाही.
आप्पा अजून फाटकाच्या रस्त्यानं जात नाहीत,
लांबचा रस्ता धरतात आणि म्हणतात, सावली आहे तिकडं.

माझ्या दाढेखाली माफी, भातातल्या खड्यासारखी.
थुंकता येईना, गिळता येईना.

तेवढ्यात बॉल उंच आला, माझ्यावर.
समोर कुणी नाही. मागं तो एकटा.
पायानं दिला तर त्याला हात लावता येत नाही, नियम आहे.
डोक्यानं दिला तर चालतो.
मी थांबलो.
मान खाली घातली
आणि त्याच्या हातात दिला.