चौदाशे चाळीस

खिडकी तीन. शिष्यवृत्ती. अकरा ते दोन.
काचेतलं बोलायचं भोक
सुताराने चुकून कमरेच्या उंचीवर पाडलंय,
म्हणून सांगलीतल्या या कॉलेजात
एकोणीस वर्षं मी
वाकलेल्या पोरांच्या भांगांशी बोलतोय.

आधारवर एक नाव, पासबुकावर दुसरं,
कुणाच्या दाखल्यावरचा शिक्का अर्धा,
कुणाचा बाप हयात आहे की नाही
हेच कागदाला ठरवता येत नाही.
मी म्हणतो, त्रुटी.
दिवसातून साठदा म्हणतो.
परवा आमटीत मीठ कमी पडलं
तर घरीही तेच तोंडातून गेलं.
बायको हसली नाही.

काल महानंदा सिद्धप्पा बिराजदार,
बी.एस्सी. दुसरं वर्ष, मुक्काम पोस्ट उमदी, तालुका जत.
वडील बोअरच्या गाडीवर,
वर्षातले आठ महिने कुणाच्या तरी शिवारात
पाणी शोधत.
आई बेदाण्याच्या शेडवर.
दाखला वहीत घालून आणलेला, एकही घडी नाही,
नाकाजवळ नेला तर गंधकाचा बारीक वास.

सगळं चोख.
फक्त रकाना नऊ:
कुटुंबातील इतर व्यक्तींचे उत्पन्न.
तिथं निळ्या शाईत, ठसठशीत,
*स्वतः. ग्रंथालय, रोज दोन तास.
पुस्तकं पुसणे, लावणे.*
आणि वर्षाची बेरीज.

बेरीज मर्यादेच्या पलीकडे गेलेली.
चौदाशे चाळीस रुपयांनी.

हे कशाला लिहिलंस?
"विचारलंय न्हवं सर."

पगार आमचाच.
कमवा आणि शिका,
पाटी आमच्याच दारावर.
आम्हीच तिच्या हातात ठेवलेले पैसे
आमच्याच अर्जात शिरून
तिला आडवे पडले होते.

तिच्या मागं एक पोरगा,
बोटात गाडीची किल्ली गरगरतेय.
बाप मार्केट यार्डात हळदीचे सौदे करतो
हे मला माहीत आहे,
यार्डाला माहीत आहे,
दाखल्याला माहीत नाही.
रकाना नऊ कोरा.
त्याच्या अर्जावर मी शिक्का मारला.
मारावाच लागतो.

मग ड्रॉवर उघडला,
व्हाइटनरची बाटली काचेखालून सरकवली.
एवढं सोपं असतं कधीकधी
एखाद्याचं वर्ष वाचवणं.

ती बाटलीकडं बघत राहिली.
"आणि तिकडच्या पगारपत्रकावर माझी सही आहे, तिचं काय?
दोन्हींतलं खोटं कुठलं ठरंल, सर?"

मागची रांग चुळबुळली.
कुणीतरी म्हणालं, आटप की.
मला उत्तर आलं नाही.
बाटली परत आली.
टोपण आधीच सुकून घट्ट बसलं होतं,
बहुतेक तिला उघडलंही नसतं.

दोनला खिडकी लावून
मी तिचा अर्ज वेगळा काढला.
टिपणीचा कागद लावला.
समितीपुढं काय लिहायचं असतं
ते आम्हाला छापील मिळतं,
नुसती रिकामी जागा भरायची.
मी छापील शब्द तसाच ठेवला, त्रुटी,
आणि पुढं पेनानं लिहिलं,
*अर्जदाराची नाही.*

साहेबांनी वाचलं, चष्मा काढला,
"हे कुठल्या नियमात बसतं, गुरव?"
म्हणालो, नियम शोधतोय.
फाइल त्यांनी डावीकडं ठेवली.
डावीकडचा ढीग कधी उचलतात
शिपायालाही सांगता येणार नाही.
आज शनिवार. पोर्टल सोमवारी बंद होतं.

निघताना ग्रंथालयावरून गेलो.
ती स्टुलावर उभी,
एका हातात फडकं,
दुसऱ्यात उघडलेलं जाडजूड पुस्तक,
आणि वाचता वाचता
फडकं पुसायचंच विसरलेलं.

ती मिनिटं पगारात धरायची की नाही,
मला विचारू नका.