अकरा पावलं

बाजेपासून दारापर्यंत अकरा पावलं.
सातव्याला उंबरा, तिथं पाय उचलायचा.
नवव्याला डाव्या हाताला रांजण.
अकराव्याला कडी.
कुलूप नाही, रात्री तर नाहीच.
"चोरानं न्यावं असं काय हाय आपल्याकडं?
भाईर काढायची मान्सं मात्र पाच हाईत."

हे आमचे अप्पा, उत्तरेश्वर,
निलंगा डेपोत एसटीचे टायर बदलणारे.
आईच्या जुनेराच्या पट्ट्या फाडून
ते आमचे डोळे बांधायचे,
मनगटावरचं घड्याळ बघायचे आणि म्हणायचे, निघा.
मी थोरली, धाकट्याचा हात माझ्या हातात.
मधली, सुरवंता, हसत सुटायची,
रांजणाला धडकायची,
तिची पुन्हा बाजेपासून सुरुवात.
शेजारच्या प्लॉटातली पोरं खिडकीशी जमायची.
त्यांना वाटे, अख्खं घर आंधळी कोशिंबीर खेळतंय.

दाराआड खुंटीला खाकी पिशवी.
बॅटरी, आणि तिचे सेल वेगळे, रबर लावून.
रेशनकार्ड, सातबारा, आईच्या दम्याच्या गोळ्या.
मेण चोळलेली काडीपेटी.
कासराभर दोर.
ग्लुकोजची बिस्किटं.
दर अमावास्येला पिशवी खाली उतरायची,
नवे पुडे आत जायचे, जुने आम्हाला मिळायचे.
गाव अमावास्येला बिचकायचं,
आम्ही बोटावर दिवस मोजायचो.
माझ्या जिभेवर भूकंपाची चव अजून तीच:
सादळलेलं बिस्कीट,
त्याला किंचित रॉकेलचा वास.

आणि शिट्ट्या. पाच जणांना पाच, गळ्यात, काळ्या दोऱ्यात.
शाळेत बाई म्हणाल्या, ही काय थेरं?
मी सांगितलं नाही, कारण मलाही ठाऊक नव्हतं.
आई एकदाच बोलली, भाकरी थापता थापता,
परातीतून नजर न उचलता:
जुन्या गावात, त्या पहाटे,
हे माळवदाखाली नऊ तास होते.
आवाज बसला होता.
तांब्याच्या बुडावर खडा वाजवत राहिले
म्हणून कुणीतरी थबकलं.
मग भाकरी उलटली,
आणि पुढचं राहिलं ते राहिलंच.

जमीन पुन्हा तशी हलली नाही.
आलं ते दुसरंच,
हळू, भांडंसुद्धा न वाजवता:
काचबिंदू.
लातूरच्या डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली,
आता हे रडतील म्हणून.
अप्पांनी खिशातली शिट्टी चाचपली,
म्हणाले, "घर मला पाठ हाय, सायेब.
डेपोचं तेवढं अवघड जाईल."

वादळानं तारा तुटल्या त्या रात्री
आम्ही सगळे डोळस
मोबाईल शोधत एकमेकांच्या पायावर पाय देत होतो.
ते उठले,
रांजणाला वळसा घातला,
सेल घालून पेटती बॅटरी
आईच्या हातात ठेवली
आणि परत झोपले.

आता मी नांदेडला, चौथ्या मजल्यावर.
आज पहाटे फडताळातले ग्लास किणकिणले,
उद्या पेपरात दोन ओळी येतील, न येतील.
अप्पांचा फोन आधी आला.
बरी आहेस का, असं काही नाही.
"तुझ्या घरात किती?"
काय किती?
"पावलं."
चौदा, मी ठोकून दिलं.
पलीकडं नुसतं कुत्र्याचं भुंकणं.
"मोजून सांग."

दिवा मालवला.
पोराची सायकल पोटरीला लागली,
पाण्याचा जार, चपलांचं कपाट,
मग दार, दाराला तीन कड्या.
एकवीस, मी धापा टाकत म्हटलं.
"आन् चावी?"
चावी फ्रिजवर.
फ्रिज मागं राहिला होता, सहाव्या पावलाला.

त्यांना आता घड्याळ दिसत नाही.
तरी थांबले,
काटा वर यायला जेवढा वेळ लागतो तेवढे.
मी चाचपडत पलंगाशी परतले,
पोराला उठवलं,
ओढणीनं त्याचे डोळे बांधले, मग माझे.
फोन उशीवर तसाच चालू.

"निघ," अप्पा म्हणाले.