प्रतिपदा, पंचमी, नवमी, त्रयोदशी

दप्तराच्या तळाशी, वेफर्सच्या चुऱ्याखाली
चार घड्यांची चिठ्ठी सापडली:
वर्गात कुणाच्या तरी डोक्यात उवा आहेत.
नाव नव्हतं.
मी मात्र ती वाचली
आमचंच नाव गाळलंय अशा समजुतीनं.

स्वानसीत येऊन अकरा महिने झाले.
शाळेच्या फॉर्मवर पालकांच्या रकान्यात एकच नाव,
आणि या चढाच्या गल्लीत हे एकच घर
ज्याची फोडणी तिसऱ्या दारापर्यंत जाते.
खापर फुटायला डोकं लागतं.
मी माझं आधीच पुढे करून ठेवलेलं.

फोनवर मावशी म्हणाली, सीताफळाच्या बिया वाट.
इथे एक सीताफळ तीन पौंडांना, तेही दगड,
आणि पूड डोळ्यात गेली तर पोरीची नजर जायची.
मग म्हणाली, रॉकेल.
मी म्हटलं, आवाज तुटतोय गं.

औषधाच्या दुकानातल्या बाईनं
बारीक दातांची फणी काढून दिली.
"सगळ्यांनाच होतात," म्हणाली,
हवेबद्दल बोलावं तसं,
आणि बोलता बोलता स्वतःचं डोकं खाजवलं.

ओले केस. मूठभर कंडिशनर.
मुळापासून टोकापर्यंत एक ओढ,
मग पांढऱ्या टिश्यूवर पुसायचं, बघायचं.
पहिला दिवस, पाचवा, नववा, तेरावा.
कॅलेंडरवर मी लिहिलं
प्रतिपदा, पंचमी, नवमी, त्रयोदशी.
नैवेद्य तेवढा नाही.

शाल्मली टबाच्या काठावर बसली.
"आई, ओढतेस."
"हलू नकोस."
"हललेच नाही."
तिळाएवढी एक, टिश्यूवर पाय हलवत राहिली.
वेल्शमधे हिला ह्लाय म्हणतात म्हणे;
जिभेच्या कडेनं हवा सोडत
तिनं मला तो शब्द तीनदा शिकवला.
जमला नाही.
ऊ मात्र एका अक्षरात मेली,
दोन नखांमधे, टच्.

लिखा अशा सुटत नाहीत.
एकेक केस धरून सोलाव्या लागतात.
चाळीसपर्यंत मोजल्या, मग मोजणं सोडलं.

"कुणाच्या डोक्याला डोकं लावून बसतेस गं?"
विचारलं ते रागावूनच.
"बेथनच्या. आम्ही एकाच पुस्तकात वाचतो.
मधल्या सुट्टीत ती माझी वेणी घालते."

फणी थांबली.
सप्टेंबरात हीच पोर डबा तसाच परत आणायची.
का गं, विचारलं तर
भिंतीचा रंग सांगायची.

उवांना उडता येत नाही,
उडीही मारता येत नाही.
चालत जातात बिचाऱ्या, या केसावरून त्या केसावर.
तेवढा वेळ कुणीतरी
जवळ बसलेलं असावं लागतं.

पंचमीला दार वाजलं.
बेथनची आई कॅरिस,
हातात त्याच दुकानाची पिशवी, तीच फणी.
"बहुतेक आमच्याकडून आल्या," ती म्हणाली. "सॉरी."
"छे, आमच्याकडून."
उंबऱ्यात दोघी एकच खापर
आपापल्या डोक्यावर ओढत राहिलो.
मग ती जरा खाली बघून म्हणाली,
"पोरीचं मी बघते. माझं कोण बघणार?"

स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली
मी तिच्या लाल केसांत भांग पाडला.
काळ्यात लीख चटकन दिसते,
लालमधे शोधावी लागते,
हे मला या वयात कळलं.
दोन मिळाल्या. ती इतकी हसली
की वर मुली दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

मग मी बसले.
तिच्या बोटांना व्हिनेगरचा वास होता,
माशांच्या दुकानातून ती सरळ इकडे आलेली.
तिनं माझे केस कानामागे सारले
आणि माझी मान आपोआप खाली गेली.
अकरा महिन्यांत या देशात
माझ्या डोक्याला कुणी हात लावला नव्हता.

"एकही नाही तुझ्या डोक्यात," कॅरिस म्हणाली.

"नीट बघ," मी म्हटलं.
"कानामागे बघ."