दात आणि दाते

फाएन्झाच्या बाहेर, पीचच्या बागेला लागून
इवानोचं गॅरेज. नोव्हेंबरचं धुकं
शटरखालून आत येतं, स्टोव्हपाशी विरतं.
जुन्या चादरीवर मांडलंय
एकसिलिंडरी इंजिन, अडीचशे सीसीचं,
सदुसष्ट सालचं.
मोजमाप तो करतो. मी दिवा धरतो.

फ्लायव्हील उतरवायचं साडेसहाशे ग्रॅमनं.
पिस्टन उंच माथ्याचा. पोर्ट असा घासायचा
की आपण वळलो हे हवेला कळू नये.
"आरसा नको करूस," तो दटावतो,
"पेट्रोललाही पाय टेकायला
थोडी खरखर लागते."

नातवाच्या डब्यातली निळी चिकणमाती
पिस्टनच्या माथ्यावर थापतो,
हेड बसवून हातानं क्रँक फिरवतो, पुन्हा उघडतो.
कणकेत अंगठा रुतावा तसा व्हॉल्व्हचा ठसा.
ब्लेडनं कापून जाडी बघतो:
एक पूर्णांक एक दशांश. हवी दीड.
त्या चार दशांशांत
आमचा आख्खा आठवडा गेला.

झाकण उलटं केलं तर आतल्या बाजूला,
जिथं तेलाशिवाय कुणी जात नाही,
सुईनं कोरलेलं: निवेस, ७१.
कोण ही? इवानो खांदे उडवतो.
"जी कोण असेल ती. गॅस्केट मात्र भिकार लावलं होतं."
मग ते नाव सोडून
बाकी सगळं झाकण घासतो.

उभ्या दांड्याच्या दोन्ही टोकांना तिरक्या दात्यांची चाकं.
त्यांच्यामागे कागदाएवढ्या चकत्या,
एक घाल, दोन काढ.
पूर्वी तो स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ऐकायचा.
आता कानातलं यंत्र काढून खिशात टाकतो
आणि मूठ चावतो स्क्रूड्रायव्हरची.
दात्यांचं दुखणं दातांनाच कळतं, म्हणतो.

डिसेंबरात, रविवारी, किक.
पहिली उलटून नडगीवर बसते. दुसरी नुसती खोकते.
तिसरीला
डब्यातले खिळे टणाटण उड्या मारतात,
समोरची बोर्गातीबाई खिडकी उघडून
सगळ्या संतांना साक्षीला बोलावते.
त्याला ऐकू येत नाही. खरंच येत नाही.
डोळे मिटलेत, लोखंड दातांत,
जबड्यावरचे पांढरे खुंट थरथरतायत.

मी वाट बघतो, हसेल म्हणून.

तो इंजिन बंद करतो.
"वरची एक चकती जास्त आहे,"
म्हणतो, आणि गरम झाकणाच्या बोल्टवर
पाना लावतो.