प्रति लाख

दर मार्चात मी नकाशा रंगवते.
बेलापूरला, तिसऱ्या मजल्यावर, एसीखाली शाल घेऊन.
फिकट पिवळा, मग केशरी, मग विटकरी.
रंग मी निवडत नाही, दर निवडतो,
असं नव्या पोरांना सांगते.
त्यातलं निम्मंच खरं असतं.

ही नामीबाई मढवी घ्या.
गावठाणात माणसं तीन हजार शंभर.
तिच्या गालाच्या आतली जखम,
चाळीस वर्षांच्या मशेरीशेजारची,
कागदावर आली आणि गावठाणाचा दर
बत्तीसनं वर गेला.
तीच नामीबाई रस्त्यापलीकडच्या सेक्टरात असती,
चाळीस हजारांत,
तर अडीचनं.
रस्ता केवढा? रिक्षा एका दमात वळत नाही, एवढा.
त्याच्या कडेला ती सुकट विकायला बसायची,
बत्तीस आणि अडीचच्या मधोमध.

पत्त्यांचं तर विचारूच नका.
तुर्भ्याला खाणीच्या अंगाला राहणारी झुलेखा
केसपेपरवर वाशीचा सेक्टर लिहिते.
जिथं भांडी घासते तिथल्या मॅडम म्हणाल्या,
आमचा दे, पत्रं तरी पोचतील.
तिला वाशीतून उचलून खाणीकडे ठेवली.
वाशी किंचित उजळली.
धोत्रे मास्तर, चोवीस वर्षं ऐरोलीत,
निदानानंतर भावाकडे कोरेगावला गेले होते,
त्यांना परत आणलं.
नियम आहे: वर्षभर जिथं राहिलात, तिथले तुम्ही.
रोग त्याआधी किती वर्षं कुठं राहत होता,
असा रकाना नाही.

मग वयाचा ताळा.
सगळ्यांना नेऊन एका काल्पनिक गावात बसवायचं,
जिथं म्हातारे आणि पोरं ठरल्या मापातच असतात.
तिथं कुणाला खोकला येत नाही.

यंदा दिघ्याकडचा एक प्रभाग
विटकरीतून थेट पिवळ्यात आला.
बैठकीत साहेबांनी टेबलावर थाप मारली.
मी जुनी वही काढून बसले.
सिस्टर ग्लोरिया डाबरे
टॉर्च आणि लाकडी पट्टी घेऊन टेकडी चढायच्या,
दारोदार बायकांना आ करायला लावायच्या.
जूनमध्ये निवृत्त झाल्या. जागा रिकामी.
रोग कुठं गेलेला नाही.
टॉर्च गेली.

आणि जिथं गणपतीनंतर
मॅमोग्राफीची गाडी पंधरा दिवस उभी होती,
तिथला दर वाढला. म्हणून फोन आला,
आमच्या भागाची बदनामी का करता?

कुणी विचारतं, ताई, त्या कंपनीच्या वासानं का हो?
चार नावांवरून बोलू नये, असं शिकलेय मी.
पाचव्याची वाट बघावी,
असं मात्र कुणी शिकवलेलं नाही.

नामीबाई पुढच्या मार्चात नसेल.
म्हणजे असेलही, माणूस म्हणून,
पण दरात माणूस एकदाच येतो.
गावठाण आपोआप पिवळं होईल.

शनिवारी पत्ता पडताळायला गेले.
टोपलीमागं तिची सून, हेमांगी.
तर्जनी काळी.
मी रकान्यांची माणूस, तपासणं माझं काम नव्हे.
मोबाइलची टॉर्च लावली. म्हटलं, आ कर.
काय नाय गो ताय, दुखत नाय, म्हणत
केला तिनं.
आत उजव्या बाजूला
एक पांढरं काही.
उजेड असेल. चट्टा असेल.
सोमवारी वाशीला चल माझ्याबरोबर, म्हटलं.
तेवढ्यात गिऱ्हाईक आलं,
ती तोंड मिटून वाटा लावायला लागली.

विटकरीची पेन्सिल मी खणात ठेवलेली नाही.
राहू दे गावठाण गडद, अजून एखादं वर्ष.