आणखी काय घेता?

उद्यमनगरात साडेसातला लेथ थांबतात
आणि माझ्या काउंटरच्या काचेवर
तेलकट बोटांचे ठसे उमटू लागतात.
दत्ताजी इंगवले सुटे पैसे मोजूनच आणायचे.
"द्या की ताई, ती ॲसिडिटीची. अख्खी पट्टी."
मी द्यायचे.
किती महिने? बिलं काढली तर कळेल.
काढली नाहीत.

छातीत जळतंय म्हणायचे आणि हसायचे.
तीस वर्षं फाउंड्रीत काढलेल्या माणसाला
जळण्याचं काय कौतुक!
सकाळी कट वाढवून घेतलेली मिसळ,
दुपारचा डबा तीनला, वर तंबाखू:
कारणं आम्ही दोघांनी मिळून ठरवली होती.

परवा दोन रुपये कमी पडले.
खिसा त्यांनी काचेवर रिकामा केला.
किल्ली, केएमटीचं तिकीट, चुन्याची डबी,
आणि घड्यांवर विरलेला सीपीआरचा कागद.
वाचला.
मार्गशीर्षात हृदयात जाळी बसवलेली.
रक्त गोठू न देणारी गोळी, रोज एक.
ती तिकडं फुकट मिळते,
म्हणून माझ्या दुकानात कधी दिसलीच नाही.

"बोलला नाहीत?"
"तुम्ही कुठं इचारलासा?
आन् ती काळजाची, ही पोटाची.
दोघींचा काय संबंध?"

संबंध यकृतात, काका.
ती गोळी नुसती गिळून कामाला लागत नाही,
तिथल्या मशीनवर आधी कातून घ्यावी लागते.
आणि ही तुमची कॅप्सूल
ते मशीन अडवून बसते.
इंगवल्यांनी कागदाकडं पाहिलं.
"म्हंजे जॉब कच्चाच पुढं जातोय."

हो. पण ती गोळी थांबवायची नाही,
एक दिवससुद्धा नाही.
पोटासाठी दुसरी निघेल, त्या मशीनच्या फारशी वाटेला न जाणारी,
ते डॉक्टर ठरवतील, मी नाही.
फोन लावला. वाजत राहिला.
तेवढ्यात, उगीच विचारावं तसं विचारलं,
"ही जळजळ जोतिबाच्या पायऱ्या चढताना वाढते?"

ते गप्प झाले.
पहिल्यांदाच हसले नाहीत.

शटर अर्धं ओढून मी रिक्षा थांबवली.

आता सगळ्यांना विचारते.
मेहरून मुजावर थायरॉइडच्या गोळीवर
लगेच गुलाबी सिरप पितात, हे तसं कळलं.
कांबळ्यांची सून लोहाची गोळी त्याच घोटात.
दोघींत काही तासांचं अंतर ठेवा, म्हटलं.
लोक वैतागतात. पट्टी द्या, चौकशी कशाला?
पोटातलं ओठावर यायला वेळ लागतो.
रांग वाढते. समोरचा मेडिकलवाला खूश आहे.

काल इंगवले आले, जरा वाळलेले.
आधी कागद ठेवला, मग पैसे,
मग ते दोन रुपये वेगळे.

बिलं मी अजून काढलेली नाहीत.